रोमचे सैनिक, चर्चचे संत

वसईच्या किल्ल्याच्या तटबंदीत एक बुरूज सेंट सेबॅस्टियनच्या नावाचा आहे. १७३९ च्या मोहिमेत मराठ्यांनी सुरुंग लावून खिंडार पाडले ते याच बुरुजाला. मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसलगतचे सरकारी रुग्णालय सेंट जॉर्जच्या नावाने ओळखले जाते. पोर्तुगीज आणि इंग्रज यांच्याबरोबर ही नावे पश्चिम किनाऱ्यावर आली आणि येथील माणसांच्या तोंडी रुळली. परंतु हे दोन्ही संत परंपरेनुसार रोमन सैन्यातील होते, आणि ज्या राज्याची त्यांनी चाकरी केली त्याच राज्याने त्यांना मृत्युदंड दिला, ही गोष्ट फारशी कोणाच्या लक्षात नसते.

ख्रिस्ती धर्माच्या पहिल्या तीनशे वर्षांतील संतांच्या यादीवर नजर टाकली, तर सैनिकांची संख्या डोळ्यांत भरते. मारिस, मार्सेलस, मॅक्सिमिलियन, ज्युलियस, सेर्जियस व बाखस, सेबास्तेचे चाळीस हुतात्मे अशी ही नामावली लांबत जाते. या परंपरेच्या आरंभी उभा असलेला संत पौल सैनिक नव्हता, परंतु तो रोमन नागरिक होता आणि त्या नागरिकत्वाचा त्याने कायदेशीर वापरही केला. शांततेचा उपदेश करणाऱ्या धर्माच्या इतिहासात नागरिकत्व आणि शिपाईगिरी यांना एवढे महत्त्व का यावे? या प्रश्नाचे उत्तर रोमन कायद्यात आणि रोमन लष्कराच्या शपथेत दडलेले आहे.

नागरिकत्व : मोजक्यांचा हक्क

इसवी सनाच्या पहिल्या शतकात रोमच्या साम्राज्यात राहणारा प्रत्येक माणूस रोमन नागरिक नव्हता. इटलीबाहेरच्या प्रांतांत तर नागरिकांची संख्या अल्पच होती. नागरिकत्व मिळण्याचे मार्ग ठरलेले होते. नागरिक आईबापांच्या पोटी जन्म घेणे हा पहिला. रोमन नागरिकाच्या मालकीच्या गुलामाला रीतसर मुक्त केले, तर तोही बहुधा नागरिक होत असे. एखाद्या शहराला किंवा व्यक्तीला सम्राट मेहेरबानीने हा दर्जा बहाल करी. चौथा मार्ग लष्कराचा. लीजन म्हणून ओळखल्या जाणाऱ्या मुख्य पलटणींत नागरिकांचीच भरती होत असे. मात्र सहाय्यक पलटणींत नागरिक नसलेल्यांना घेत. तेथे पंचवीस वर्षे इमाने चाकरी केलेल्या शिपायाला निवृत्तीच्या वेळी नागरिकत्व मिळे. त्याचा पुरावा म्हणून कांस्याच्या पत्र्यावर कोरलेली सनद दिली जाई. क्लॉडियस सम्राटाच्या काळापासूनच्या अशा शेकडो सनदा उत्खननांत सापडल्या आहेत.

या हक्काचे मोल मोठे होते. नागरिकाला खटला चालविल्याशिवाय फटके मारता येत नसत. प्रांताच्या अधिकाऱ्याने अन्याय केला असे वाटले, तर त्याला थेट सम्राटाकडे दाद मागता येई. देहदंड झालाच, तर सर्वसाधारणपणे तलवारीने शिरच्छेद होई. क्रुसावर खिळणे किंवा रिंगणात श्वापदांपुढे टाकणे या शिक्षा गुलाम व परक्यांसाठी राखलेल्या होत्या. म्हणजे माणूस कसा जगेल याइतकेच तो कसा मरेल हेही नागरिकत्वावर अवलंबून होते.

पौलाची ढाल

आजच्या दक्षिण तुर्कस्तानातील तार्स या गावचा पौल हा जन्माने यहुदी आणि दर्जाने रोमन नागरिक होता, असे नव्या करारातील 'प्रेषितांची कृत्ये' हे पुस्तक सांगते. त्यातील तीन प्रसंग कायद्याच्या दृष्टीने अभ्यासण्यासारखे आहेत.

पहिला प्रसंग ग्रीसच्या उत्तरेकडील फिलिप्पै येथील. हे शहर रोमन वसाहत होते आणि निवृत्त सैनिकांना तेथे जमिनी देऊन वसविण्यात आले होते. पौल आणि त्याचा सहकारी सीला यांना तेथील अधिकाऱ्यांनी चौकशीविना छड्या मारवून तुरुंगात टाकले. दुसऱ्या दिवशी त्यांना गुपचूप सोडून देण्याचा हुकूम आला, तेव्हा पौलाने जाण्यास नकार दिला. आपण रोमन नागरिक असून आपल्याला चारचौघांत बेकायदा मारण्यात आले आहे, तेव्हा अधिकाऱ्यांनी स्वतः येऊन आपल्याला बाहेर काढावे, अशी त्याची मागणी होती. अधिकारी घाबरले, आले आणि त्यांनी विनवणी केली.

दुसरा प्रसंग यरुशलेमचा. मंदिराच्या आवारात दंगल झाल्यावर रोमन तुकडीचा सरदार क्लौद्य लुसिया याने पौलाला पकडले आणि चाबकाखाली जबाब घेण्याचे फर्मावले. पौलाला वादीने बांधत असतानाच त्याने शेजारच्या शताधिपतीला, म्हणजे शंभर शिपायांवरील नायकाला, रोमन नागरिकाला असे मारणे कायद्यात बसते काय, असे विचारले. सरदार धावत आला. आपण हे नागरिकत्व भरपूर पैसे मोजून मिळविले, असे त्याने सांगितले. आपण जन्मानेच नागरिक आहोत, असे उत्तर पौलाने दिले. चाबूक खाली गेला. पुढे पौलाच्या जिवावर टपलेल्यांचा कट उघडकीस आला, तेव्हा याच सरदाराने त्याला रातोरात किनाऱ्यावरील कैसरियाकडे रवाना केले. सोबतीला दोनशे शिपाई, सत्तर स्वार आणि दोनशे भालाईत दिल्याचे या पुस्तकात नमूद आहे.

तिसरा प्रसंग कैसरियाचा. प्रांताधिपती फेस्त याने खटला यरुशलेममध्ये चालविण्याचा विचार बोलून दाखविताच पौलाने कैसराकडे दाद मागितली. त्या एका वाक्यानिशी प्रकरण स्थानिक अधिकाऱ्याच्या हातून निसटले आणि पौल सरकारी बंदोबस्तात रोमला पोहोचला. तेथे तो दोन वर्षे भाड्याच्या घरात पहाऱ्याखाली राहिला. पुढे नीरो सम्राटाच्या कारकिर्दीत त्याचा शिरच्छेद झाला, असे परंपरा मानते. पेत्र हा गालीलचा कोळी. त्याला नागरिकत्व नव्हते. परंपरेनुसार त्याला क्रूस मिळाला आणि पौलाला तलवार. चित्रांत आणि पुतळ्यांत पौलाच्या हाती तलवार दिसते ती याचमुळे.

पौलाने स्वतःच्या पत्रांत आपल्या नागरिकत्वाचा कोठेही उल्लेख केलेला नाही, याकडे मात्र अभ्यासक लक्ष वेधतात. आपल्याला तीनदा छड्या खाव्या लागल्या, असेही तो लिहितो. यामुळे काहींनी त्याच्या नागरिकत्वाविषयी शंका घेतली आहे. तर दूरच्या प्रांतांत कायदा नेहमीच पाळला जात नसे, असे इतरांचे म्हणणे आहे.

ढालीला पडलेली भेग

कायदा असला तरी तो राबविणाऱ्याची इच्छा हवी, याचा प्रत्यय दुसऱ्या शतकात येतो. इसवी सन ११२ च्या सुमारास आजच्या तुर्कस्तानाच्या उत्तर भागातील बिथिनिया-पाँतस प्रांताचा अधिपती प्लिनी याने सम्राट ट्रेजनला पत्र लिहून ख्रिस्ती आरोपींचे काय करावे, अशी विचारणा केली. सम्राटाच्या प्रतिमेपुढे धूप आणि मद्य वाहण्यास जे तयार होत त्यांना तो सोडून देई. हट्टाने नकार देणाऱ्यांना तो मृत्युदंड देई. त्यांपैकी जे रोमन नागरिक होते, त्यांची नावे मात्र त्याने रोमला पाठविण्यासाठी वेगळी काढली होती. पौलाचा हक्क अजून जिवंत होता.

सन १७७ मध्ये फ्रान्समधील ल्यों येथे हाच हक्क जमावाच्या पायी तुडविला गेला. अटालस नावाच्या ख्रिस्ती व्यक्तीला गळ्यात पाटी अडकवून रिंगणात फिरविण्यात येत असताना तो रोमन नागरिक असल्याचे प्रांताधिपतीला कळले. त्याने अटालसला परत तुरुंगात पाठविले आणि सम्राट मार्कस ऑरेलियसचा सल्ला मागविला. धर्म नाकारणाऱ्यांना सोडावे आणि न नाकारणाऱ्यांना ठार करावे, असे उत्तर आले. त्यानुसार नागरिकांचा शिरच्छेद झाला, इतरांना श्वापदांपुढे टाकण्यात आले. अटालसला मात्र नागरिक असूनही प्रेक्षकांना खूश करण्यासाठी पुन्हा रिंगणात आणले गेले. ल्यों आणि व्हिएन येथील ख्रिस्ती समाजाने लिहिलेल्या पत्रात ही हकिकत आहे आणि चर्चचा पहिला मोठा इतिहासकार युसिबियस याने ते जतन केले आहे.

सर्वांना हक्क, सर्वांवर कर्तव्य

सन २१२ मध्ये कॅराकॅला सम्राटाने एका फर्मानाद्वारे साम्राज्यातील जवळजवळ सर्व स्वतंत्र रहिवाशांना रोमन नागरिकत्व देऊन टाकले. समकालीन इतिहासकार कॅसियस डिओ याच्या मते यामागचा खरा हेतू करवसुलीचा होता, कारण वारसा कर नागरिकांनाच लागू असे. हेतू काहीही असो, जी गोष्ट मोजक्यांची होती ती सर्वांची झाली आणि सर्वांची झाल्यामुळे तिचे संरक्षक मूल्य घसरले. यापुढे शिक्षेच्या बाबतीत नागरिक आणि परका यांपेक्षा प्रतिष्ठित आणि सामान्य हा भेद अधिक निर्णायक ठरू लागला.

त्याच वेळी या फर्मानाची दुसरी बाजूही होती. सर्वजण नागरिक, तर रोमच्या देवतांविषयीचे कर्तव्यही सर्वांचेच. इसवी सन २५० च्या सुमारास डेसियस सम्राटाने साम्राज्यातील रहिवाशांनी देवतांना बळी अर्पण करावा, असा आदेश काढला. आदेश पाळल्याचा दाखला स्थानिक समितीकडून घ्यावा लागे. इजिप्तच्या वाळूत असे चाळीसहून अधिक दाखले पपायरसवर लिहिलेल्या स्वरूपात मिळाले आहेत. अर्जदाराचे नाव, त्याने आपण नेहमीच देवतांना भजत आलो असल्याचे केलेले कथन, आणि खाली साक्षीदारांच्या सह्या असा त्यांचा साचा आहे. नागरिकत्वाच्या विस्ताराशिवाय असा सार्वत्रिक आदेश कल्पनेतही आला नसता, असे काही इतिहासकारांना वाटते. पौलासाठी जी ढाल होती, तीच दोनशे वर्षांनी हजेरीपट बनली.

शपथ कोणाची?

हा पेच सर्वांत तीव्रपणे लष्करात जाणवला. ख्रिस्ती धर्म आणि रोमन सैन्य यांचा संबंध आरंभापासूनचा होता. नव्या करारानुसार बाप्तिस्मा घेणाऱ्या पहिल्या बिगरयहुदी कुटुंबाचा प्रमुख कर्नेल्य हा कैसरियातील शताधिपतीच होता. त्याने नोकरी सोडावी, असे पेत्राने त्याला सांगितल्याची नोंद नाही. पौलाच्या नावे असलेल्या पत्रांत श्रद्धावानाची तुलना चिलखत चढविलेल्या शिपायाशी केलेली आढळते.

परंतु शिपायाला शपथ घ्यावी लागे. लॅटिनमध्ये तिला 'साक्रामेंतुम' म्हणत आणि नव्या वर्षाच्या प्रारंभी तिचा पुनरुच्चार होई. सम्राटाचा वाढदिवस, राज्यारोहणाचा दिवस, पलटणीच्या निशाणांचा सण, या सर्व प्रसंगी छावणीत देवतांना बळी दिले जात. लॅटिन बोलणाऱ्या ख्रिस्ती लोकांनी हाच 'साक्रामेंतुम' शब्द बाप्तिस्म्यासारख्या आपल्या संस्कारांसाठी स्वीकारला. एकाच शब्दाने दोन निष्ठा व्यक्त होऊ लागल्या. त्यांपैकी कोणती वरची, हा प्रश्न मग टाळता येण्यासारखा नव्हता.

उत्तर आफ्रिकेतील कार्थेजचा लेखक तर्तुलियन याच्या लेखनात हा अंतर्विरोध स्पष्ट दिसतो. सन १९७ मध्ये ख्रिस्ती लोकांची बाजू मांडताना त्याने आपले लोक छावण्यांतही पसरले आहेत, असे अभिमानाने लिहिले. पुढे सुमारे २११ मध्ये बक्षिसीच्या समारंभात डोक्यावर पानांचा मुकुट घालण्यास नकार देणाऱ्या एका शिपायाचे समर्थन करताना त्याने लष्करी नोकरीच ख्रिस्ती माणसाला वर्ज्य ठरविली. त्याचा हा ग्रंथ अप्रत्यक्षपणे आणखी एक गोष्ट सिद्ध करतो. मुकुट नाकारणारा तो एकटाच होता; रांगेतील इतर ख्रिस्ती शिपायांनी तो निमूटपणे घातला होता.

तीन जबाब

रोमन न्यायालयांत जबाब टिपून घेतले जात. अशा टिपणांच्या आधारे ख्रिस्ती समाजाने हुतात्म्यांची वृत्ते जपली. त्यांतील काहींत पुढे भर पडली, काहींच्या तपशिलांवर वाद आहेत. पण सैनिकांविषयीची तीन वृत्ते अभ्यासकांना विशेष महत्त्वाची वाटतात.

पहिले मॅक्सिमिलियनचे. १२ मार्च २९५ रोजी आजच्या अल्जीरियातील तेबेसा येथे, म्हणजे तेव्हाच्या तेवेस्ते गावी, तो प्रोकॉन्सल डिओनपुढे उभा राहिला. वय एकवीस वर्षे. त्याचे वडील फाबियस व्हिक्टर लष्कराशी संबंधित होते आणि अशा कुटुंबांतील मुलांना भरती चुकत नसे. उंची मोजली गेली. रोमन मापाने ती पाच फूट दहा इंच भरली. गळ्यात शिशाचा लष्करी बिल्ला अडकविण्याची वेळ आली, तेव्हा त्याने तो नाकारला. आपण ख्रिस्ती असल्याने सैनिक होऊ शकत नाही, एवढेच त्याचे म्हणणे होते. खुद्द सम्राटांच्या अंगरक्षकांत ख्रिस्ती शिपाई आहेत आणि ते नोकरी करतात, याची अधिकाऱ्याने आठवण करून दिली. आपल्यासाठी काय योग्य ते त्यांना ठाऊक, असे उत्तर मिळाले. शिक्षा शिरच्छेदाची झाली. लष्करासाठी शिवून घेतलेले नवे कपडे शिक्षा अंमलात आणणाऱ्या शिपायाला द्यावेत, असे मॅक्सिमिलियनने वडिलांना सांगितले. मुलाचे मन वळविण्यास नकार देणारे ते वडील देवाचे आभार मानीत घरी गेले, असे वृत्तात म्हटले आहे.

दुसरे वृत्त मार्सेलसचे. तो शताधिपती होता. सन २९८ मध्ये सम्राटांच्या वाढदिवसाच्या सणात त्याने निशाणांसमोर आपला लष्करी पट्टा काढून टाकला आणि यापुढे आपण ख्रिस्ताचीच चाकरी करू, असे जाहीर केले. वरिष्ठ अधिकारी अग्रिकोलानस याच्यापुढे मोरोक्कोतील टँजियर येथे, म्हणजे तेव्हाच्या तिंगिस शहरात, त्याचा खटला चालला. पट्टा टाकणे हा शिस्तभंग होता आणि शिस्तभंगाची शिक्षा मृत्यू. त्या दृष्टीने पाहता न्यायालयाने धर्माचा नव्हे, लष्करी गुन्ह्याचा निवाडा केला.

तिसरे वृत्त ज्युलियसचे आणि ते सर्वांत वेगळे आहे. डॅन्यूब नदीकाठच्या डुरोस्टोरम येथे, म्हणजे आजच्या बल्गेरियातील सिलिस्ट्रा शहरी, सन ३०४ च्या सुमारास हा वयस्क शिपाई मॅक्सिमस या अधिकाऱ्यापुढे आला. त्याची सत्तावीस वर्षे नोकरी झाली होती. सात मोहिमा त्याने पाहिल्या होत्या आणि एकदाही त्याच्यावर ठपका आला नव्हता. लढण्याविषयी त्याची कोणतीच तक्रार नव्हती. बळी देण्यास मात्र तो तयार नव्हता. अधिकारी त्याला वाचवू पाहत होता. त्याने दशवार्षिक बक्षिसीचे आमिष दाखविले. हे पापच वाटत असेल तर ते आपल्या माथी येऊ दे, आपण जबरदस्ती केली असे समज, असाही मार्ग सुचविला. ज्युलियसने तो स्वीकारला नाही. इतकी वर्षे राज्याशी इमान राखणारा माणूस देवाशी बेइमान कसा होईल, असा त्याच्या उत्तराचा आशय होता.

या तिघांना एका माळेत ओवण्याची परंपरा असली, तरी त्यांचे म्हणणे एक नव्हे. मॅक्सिमिलियनला शिपाई होणेच अमान्य होते. मार्सेलसने नोकरीत असताना शपथ परत केली. ज्युलियसला शस्त्राचे वावडे नव्हते, धूप वाहण्याचे होते. आरंभीचे ख्रिस्ती लोक रक्तपातामुळे लष्कर टाळीत होते की मूर्तिपूजेमुळे, हा वाद इतिहासकारांत अजून मिटलेला नाही, त्याचे कारण येथेच सापडते. दोन्ही मतांचे लोक त्या काळीही होते.

ढाल काढून घेतली

सुमारे २९९ पासून डायोक्लिशियन सम्राटाने सैन्याची झाडाझडती सुरू केली. बळी द्या अथवा नोकरी सोडा, असा पर्याय शिपायांपुढे ठेवण्यात आला. अनेकांनी हुद्दा आणि निवृत्तीचे लाभ सोडून घरची वाट धरली. त्यांची नावे कोणत्याही दिनदर्शिकेत नाहीत. फेब्रुवारी ३०३ मध्ये निकोमेदिया येथून, म्हणजे आजच्या तुर्कस्तानातील इझमितमधून, निघालेल्या फर्मानाने प्रार्थनामंदिरे पाडण्याचा व धर्मग्रंथ जाळण्याचा हुकूम दिला. त्याच फर्मानातील एक तरतूद येथे महत्त्वाची आहे. प्रतिष्ठित ख्रिस्ती व्यक्तींचा मानमरातब आणि त्याबरोबर छळापासूनचे कायदेशीर संरक्षण काढून घेण्यात आले. शताधिपतीला प्रश्न विचारून पौलाने जो चाबूक थांबविला होता, तो आता कोणत्याही दर्जाच्या ख्रिस्ती माणसावर उगारता येणार होता.

सेबॅस्टियन, जॉर्ज आणि आख्यायिका

सर्वांत लोकप्रिय सैनिक-संत याच कालखंडात ठेवले जातात. त्यांच्याविषयीचे लेखी पुरावे मात्र त्यांच्या कीर्तीच्या मानाने तोकडे आहेत. सेबॅस्टियनचा उल्लेख चौथ्या शतकात मिलानचे बिशप अँब्रोज यांनी केला आहे. तो मिलानचा असून रोममध्ये हुतात्मा झाला, एवढेच त्यातून कळते. तो शाही रक्षकदलाचा अधिकारी होता, त्याच्यावर बाणांचा वर्षाव झाला, त्यातून तो वाचला आणि नंतर सोट्यांच्या माराने त्याचा अंत झाला, ही कथा पाचव्या शतकातील लेखनातून आली. बाणांना रोगराईचे प्रतीक मानून पुढे लोक प्लेगच्या साथीत त्याचा धावा करू लागले.

जॉर्जची उपासना आजच्या इस्रायलमधील लोद, म्हणजे प्राचीन लिद्दा, येथे फार जुनी आहे. सुमारे ३०३ मध्ये त्याने देह ठेवला, असे परंपरा सांगते. त्याच्या भाल्याखालचा राक्षसी सर्प मात्र कित्येक शतकांनंतर, अकराव्या शतकाच्या सुमारास कथेत शिरला. मारिस आणि त्याच्या थीब्जच्या पलटणीची हकिकत सन ४४० च्या दशकाच्या सुमारास ल्योंचे बिशप युकेरियस यांनी लिहिली. स्वित्झर्लंडमधील अगाउनम येथे ६,६०० ख्रिस्ती सैनिकांनी निरपराधांवर शस्त्र उचलण्यास नकार दिल्याने त्यांची कत्तल झाली, असे तीत म्हटले आहे. संपूर्ण पलटणीच्या संहाराला समकालीन आधार नसल्याने इतिहासकार हा आकडा मान्य करीत नाहीत. त्या जागी ५१५ मध्ये स्थापन झालेला मठ मात्र आजही नांदता आहे.

आख्यायिका आणि न्यायालयीन जबाब यांतील फरक लक्षात घेण्याजोगा आहे. जबाबांत माणूस थोडके बोलतो आणि अधिकारी बहुधा त्याला वाचवू पाहतो. आख्यायिकेत सम्राट क्रूर होतो, यातना वाढतात, चमत्कार घडतात. काळ जाईल तसा नकाराचा मूळ कायदेशीर मुद्दा पुसट झाला आणि चिलखतातील वीर ठळक होत गेला.

पारडे फिरले

सन ३१३ मध्ये कॉन्स्टंटाईन आणि लिसिनियस या सम्राटांनी ख्रिस्ती धर्माला मोकळीक दिली. त्याच लिसिनियसने पुढे कॉन्स्टंटाईनशी बिनसल्यावर आपल्या सैन्यातील ख्रिस्ती लोकांवर दात धरला. सन ३२० च्या सुमारास आजच्या तुर्कस्तानातील सिवास येथे, म्हणजे सेबास्तेला, चाळीस शिपायांना कडाक्याच्या थंडीत उघड्यावर गोठवून मारण्यात आले, अशी परंपरा आहे.

पश्चिमेकडे तोवर वेगळेच वारे वाहू लागले होते. ३१४ मध्ये आर्ल येथे भरलेल्या बिशपांच्या परिषदेने शांततेच्या काळात शस्त्रे टाकून देणाऱ्यांना धर्मसमाजाबाहेर ठेवण्याचा नियम केला. त्याचा नेमका अर्थ लावण्यात मतभेद आहेत. पण मार्सेलसच्या शिरच्छेदाला अवघी सोळा वर्षे झाली असताना चर्चनेच असा नियम करावा, यातून बदललेली हवा कळते.

या नव्या जगाचा संत म्हणजे तूरचा मार्टिन. आजच्या हंगेरीतील सोंबाथेय येथे लष्करी अधिकाऱ्याच्या पोटी त्याचा जन्म झाला. निवृत्त सैनिकांच्या मुलांना सक्तीची भरती होती, तीत तो ओढला गेला. फ्रान्समधील आमियाँच्या वेशीवर त्याने तलवारीने आपला अंगरखा दुभंगून अर्धा एका भिकाऱ्याला दिला, ही कथा प्रसिद्ध आहे. त्याचा चरित्रकार सुल्पिसियस सेव्हरस पुढे सांगतो, की वर्म्स येथे लढाईच्या आदल्या दिवशी ज्युलियन बक्षिसी वाटत असताना मार्टिनने ती नाकारून नोकरीतून मुक्तता मागितली. भित्रेपणाचा आरोप होताच, दुसऱ्या दिवशी आपण निःशस्त्र होऊन आघाडीला उभे राहू, अशी तयारी त्याने दाखविली. शत्रूने तहाची बोलणी लावल्याने ती वेळ आली नाही. मार्टिनचा शिरच्छेद झाला नाही. तो तूरचा बिशप झाला आणि ३९७ मध्ये वार्धक्याने वारला. त्याच्या अंगरख्यासाठी असलेल्या लॅटिन शब्दावरूनच 'चॅपेल' हा शब्द आला. ज्याने तलवार खाली ठेवली, त्याचा अंगरखा पुढे फ्रँक राजे रणांगणावर बरोबर नेऊ लागले.

पाचव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात चक्र पूर्ण फिरले. जुन्या देवतांना भजणाऱ्यांना शाही सेवेत घेऊ नये, असा कायदा झाला. ज्या छावणीतून शंभर वर्षांपूर्वी ख्रिस्ती शिपायांना हाकलले जात होते, तिचे दार आता बळी देणाऱ्यांसाठी बंद झाले. निष्ठेची परीक्षा संपली नव्हती; परीक्षक बदलले होते.

नकाराचा अर्थ

मराठीत या संतांना 'हुतात्मा' म्हटले जाते. या शब्दात स्वतःची आहुती देणे अभिप्रेत आहे. त्यांच्यासाठी वापरला जाणारा मूळ ग्रीक शब्द मात्र न्यायालयातील आहे; त्याचा अर्थ साक्षीदार. आहुती देण्यास नकार दिला म्हणून ज्यांचा जीव गेला, ते मराठीत हुतात्मे ठरावेत, हा भाषेचा योगायोग आहे. पण ग्रीक शब्द त्यांच्या कृतीच्या अधिक जवळ जातो. त्यांनी बंड केले नाही, छावणीत फितुरी माजविली नाही, पळही काढला नाही. ते न्यायालयापुढे उभे राहिले, आपले नाव, गाव आणि धर्म सांगितला, आणि कायद्याने ठरलेली शिक्षा घेतली.

पौलाने कायद्याचा आधार घेऊन स्वतःला वाचविले आणि मॅक्सिमिलियनने कायद्यापुढे मान तुकविली, या दोन गोष्टी परस्परविरोधी वाटतात. परंतु दोघांनीही राज्याचा अधिकार मान्य केला होता. त्या अधिकाराची सीमा कोठे संपते, एवढाच त्यांचा प्रश्न होता. सक्तीची लष्करी सेवा सदसद्विवेकबुद्धीला पटत नाही म्हणून नाकारणारे तरुण आधुनिक काळातही अनेक देशांच्या न्यायालयांपुढे उभे राहिले आणि त्यांच्या बाजूने बोलणाऱ्यांनी तेवेस्तेच्या त्या एकवीस वर्षांच्या मुलाचा दाखला दिला आहे. राज्यापुढेही जुनाच प्रश्न आहे. त्यावर सत्तावीस वर्षे इमानाने चाकरी केलेल्या ज्युलियसचे उत्तर असे, की जो एका जागी इमान मोडतो, त्याच्या दुसऱ्या इमानाचाही भरवसा धरता येत नाही.